जीपची शिंगं

गयासभाईंच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं नसतं, तर ही गोष्ट सुरू होता होताच संपली असती. त्यांनी जीपकडे एकदा पाहिलं असतं, मिशीत हसले असते आणि काम उरकून घरी चहाला गेले असते. पण त्या आठवड्यात त्यांच्या उजव्या डोळ्यावर पांढरी पट्टी होती, डाव्यातला मोतीबिंदू अजून पिकायचा होता, आणि खाली वाकायचं नाही असं डॉक्टरांनी बजावलेलं होतं. म्हणून ते काम माझ्याकडे आलं. सायकलची उतरलेली चेनसुद्धा ज्याला शेजारच्याकडून बसवून घ्यावी लागते, अशा माणसाकडे.

तेव्हा शहराच्या कडेचा आमचा गारखेडा आजच्यासारखा भरलेला नव्हता. आमच्या घराभोवती मोकळे प्लॉट होते आणि पावसाळ्यात काळी माती चपलेला अशी चिकटायची की दारात येईपर्यंत माणूस वीतभर उंच व्हायचा. मी शाळेच्या ग्रंथालयातून निवृत्त झालो होतो. आम्हाला मूलबाळ नाही. मी, माझी बायको द्वारका, दोन खोल्यांत मावतील त्याहून जास्त पुस्तकं, आणि कुंपणाच्या भिंतीलगत अबोलीची रांग, एवढा आमचा संसार.

गयासभाई दोन घरं सोडून राहायचे. धान्याच्या मोंढ्याजवळ त्यांचं गाड्यांच्या वायरिंगचं दुकान होतं. आमची मैत्री जुळली ती पुस्तकांमुळेच. जुन्या गाड्यांची इंग्रजी माहितीपुस्तकं ते भंगारवाल्याकडून उचलून आणत आणि संध्याकाळी माझ्याकडून वाचून घेत. मी वाक्याचं मराठी करायचो, ते ऐकून मान हलवायचे आणि म्हणायचे, "लिहिणाऱ्याने गाडी कधी खोलली नहीं, मास्टरसाब." मी शिक्षक कधीच नव्हतो, पण त्यांनी मला मास्टर केलं ते कायमचंच. त्या वाचनातून मला वायरिंगमधले शब्द सगळे ठाऊक झाले होते. वस्तू मात्र एकही ओळखता येत नव्हती.

तो अनंत चतुर्दशीचा दिवस होता. दुपारी रामकिसनची जीप दारात येऊन उभी राहिली. रामकिसन हा द्वारकाचा धाकटा भाऊ, देवगाव रंगारीला शेती करतो. आदल्या वर्षी त्याने बैलजोडी विकून ही जुनी जीप घेतली होती. सोबत त्याची बायको वच्छलाबाई होत्या. आमच्या ओळखीच्या सुताराकडून मी त्यांच्यासाठी एक सागवानी पाळणा करून घेतला होता. तो न्यायचा, आम्हा दोघांनाही सोबत घ्यायचं, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे निघून कन्नडचा घाट उतरून वच्छलाबाईंच्या माहेरी पोचायचं, असं ठरलं होतं. त्यांचा भाऊ कडूबा याला लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी मुलगी झाली होती. उद्या तिचं बारसं होतं.

रामकिसन उतरला तोच तोंड पाडून.

"दाजी, फॉग लाइट मेले."

"कुठले?"

"हे काय, म्होरचे. येताना वेरूळच्या चढाला धुकं लागलं, बटन दाबलं, तर दोन्ही बंद. टकटक करून पाह्यलं, शिव्या देऊन पाह्यलं. नाय."

"मग आहेत की मोठे दिवे," द्वारका दारातून म्हणाली.

"मोठे दिवे धुक्यात नुसती पांढरी भित्त उभी करतात, आक्का. आन् आपला घाट! गेल्या साली मला कठडा कुठला आन् रस्ता कुठला ते कळंना. पुढलं चाक मोकळ्यात लटकलं व्हतं. म्या शपथ घेतली हाये. फॉग लाइट लागले तर पहाटं निघू. नाय लागले तर ऊन वर आल्यावर."

हे ऐकून वच्छलाबाई जीपमधून खाली उतरल्या. इतका वेळ त्या पिशव्या सावरत बसल्या होत्या.

"ऊन वर आल्यावर जाऊन काय करू? पाळण्याच्या दोऱ्या सोडू? सकाळच्या न्याहारीआधी बारसं हाये. दुपारी गावचा बाजार. घरात बाई थांबायची नाय."

"मग एक दिवस पुढं ढकला म्हणावं," मी म्हणालो. मला वाटलं, हे बोलणं सोपं आहे.

"परवापासून पितरं लागतात की ओ दाजी!"

पितृपक्षाचं माझ्या लक्षातच नव्हतं. पंधरा दिवस लेकराला बिननावाचं ठेवायला कुणीही तयार झालं नसतं, आणि खरी अडचण त्याच्याही पलीकडची होती. बाळाच्या कानात नाव सांगायचा मान आत्याचा. सख्खी आत्या वच्छलाबाई. पण चुलत आत्या दगडाबाई त्याच गावात, भिंतीला भिंत लागून राहायच्या. सख्खी वेळेवर नाही आली तर चुलत होतीच.

"आन् दगडाआक्काचं ठरलंय," वच्छलाबाई म्हणाल्या. "धोंडाबाई. नवसाचं लेकरू हाये, नजर लागंल, म्हणून दगडधोंड्याचं नाव. माझ्या भावाचं नाव कडू, तिचं दगडा, आन् आता ह्या पोरीचं धोंडा! जल्मभर शाळंत पोरं तिला हाका मारतील तवा कळंल."

"तुम्ही काय नाव ठरवलंय?" द्वारकाने विचारलं.

"ते कानातच सांगायचं असतंय, वन्सं."

अनंत चतुर्दशी असल्यामुळे सगळं गाव विसर्जनाला लोटलेलं होतं. कुठलंही गॅरेज उघडं नव्हतं. लांबून ढोल ऐकू येत होते. शहरातले सगळे मेकॅनिक त्या ढोलांपुढे नाचत असणार. म्हणून मी गयासभाईंकडे गेलो. खरं तर त्यांना त्रास द्यायला मला फार संकोच वाटत होता. दारातच मी परत फिरायच्या बेतात होतो, तेवढ्यात त्यांनी चपलेच्या आवाजावरून मला ओळखलं.

"मास्टरसाब! आओ, आओ. बसून बसून पाठीला मुळं फुटलीत."

मी अडचण सांगितली. ते उठलेच. अमिनाभाभी आतून धावत आल्या.

"कां चले? डाक्टर क्या बोले थे?"

"वाकू नको बोले. बसू नको नहीं बोले. कुर्सीवर बसतो. वाकतील हे."

"ये?" अमिनाभाभींनी माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या नजरेत माझ्याविषयी आदर होता, पण विश्वास नव्हता. तो मलाही नव्हता.

आमच्या अंगणात जीपपासून थोड्या अंतरावर मी खुर्ची टाकली. गयासभाईंनी आपली पिशवी उघडून चाचपत एक वस्तू काढली आणि माझ्या हातात दिली. स्क्रू-ड्रायव्हरसारखी, पण टोक सुईसारखं. पारदर्शक मुठीत छोटा बल्ब. मुठीच्या मागून एक लांब वायर, वायरीच्या टोकाला दातेरी चिमटा.

"टेस्ट लाइट," मी म्हणालो.

"नाव येतंय ना? बस झालं. आज हात तुमचे, अक्कल माझी. चिमटा लोखंडाला लावायचा. टोक जिथं करंट पाहिजे तिथं टेकवायचं. करंट असला तर मुठीतला दिवा लागेल. नसला तर नाय. पोरखेळ आहे."

"चिमटा कोणत्या लोखंडाला?"

"अरे जीप है, मास्टरसाब! सगळी लोखंडच आहे."

बंपरवर दोन उभे दांडे होते आणि प्रत्येक दांड्यावर एकेक गोल फॉग लाइट बसवलेला होता. मी गुडघ्यावर बसलो. मागे अबोलीची रोपं होती, ती चिरडू नयेत म्हणून जरा तिरकाच बसलो. सगळ्यात जवळचं लोखंड म्हणजे उजवीकडचा दांडा. मी त्याला चिमटा लावला. लाइटच्या मागून आलेली वायर काढली आणि तिच्या टोकाला सुई टेकवली. रामकिसनने आत बसून बटन दाबलं.

"लागला?" गयासभाईंनी विचारलं.

"नाही."

"दुसरीकडची बघा."

दुसऱ्या लाइटचीही वायर तशीच. काही नाही. मला वाटलं, मीच सुई नीट धरली नसेल. पुन्हा टेकवली, जरा जोर देऊन. मुठीतला बल्ब काचेच्या मण्यासारखा थंड.

"दोन्ही एकदम बंद," गयासभाई स्वतःशी बोलावं तसं बोलले. "दोन बल्ब एकाच दिवशी जात नसतात. मग दोन्हीत कॉमन काय? फ्यूज. बॉनेट उघडा, रामकिसन. मास्टरसाब, तिथं छोटी डबी असेल."

डबी सापडली. चिमटा होता तिथेच ठेवून मी फ्यूजच्या एका बाजूला सुई लावली, मग दुसऱ्या बाजूला.

"दोन्ही बाजूला नाही," मी सांगितलं.

"दोन्ही?" गयासभाईंची मिशी हलली. "मग फ्यूजपर्यंत करंट येतच नाय. मागं कुठंतरी तार तुटली. डॅशबोर्ड खोलना पडेगा."

"डॅश?" रामकिसन ओरडला. "चाचा, हेडलाइट लागतात, हॉर्न वाजतोय!"

"उनका रास्ता अलग है, बेटा. ह्याचा अलग. आत वायरींचं घरटं असेल. मी सांगतो, मास्टरसाब एकेक सोडवतील."

"ते सोडवतील?" द्वारका म्हणाली. "ह्यांना स्वेटरची गाठ सुटत नाही."

वच्छलाबाई पायरीवर बसल्या होत्या. त्यांनी पाळण्यासाठी आणलेला झेंडूचा हार पिशवीतून काढला, पाहिला आणि पुन्हा पिशवीत ठेवला. मला ते फार लागलं. ऊन कलायला आलं होतं. डॅश उघडून ते घरटं माझ्या हातून सुटेपर्यंत धोंडाबाई रांगायला लागली असती.

रामकिसन स्क्रू काढायला आत शिरला. मी बॉनेटपाशी सुई हातात धरून उभा राहिलो. माझ्या मनात एक शंका आली होती, पण ती बोलून दाखवायची म्हणजे गयासभाईंचं चुकतंय असं म्हटल्यासारखं झालं असतं. शिवाय माझ्या शंका सहसा माझ्याबद्दलच असतात, आणि हीही तशीच होती. मला वाटत होतं, यात बिघडलेली गोष्ट मी आहे. माझ्या हातात आल्यापासून ही वस्तू एकदाही लागलेली नाही. पुस्तकांत एक वाक्य मी गयासभाईंना बऱ्याचदा वाचून दाखवलं होतं: तपासणी करण्याआधी तपासणारं साधन तपासून घ्यावं. त्यावर ते दर वेळी हसायचे. त्यांच्या हाताला त्याची गरज नव्हती. माझ्या हाताला होती.

मग मी कुणाला न सांगता, चोरून पाहावं तसं, सुई थेट बॅटरीच्या लाल टोकाला लावली. तिथे तर करंट असणारच. हॉर्न त्याच्यावरच वाजत होता.

दिवा लागला नाही.

"गयासभाई," मी हळूच म्हणालो. "मी बॅटरीला लावून पाहिलं. तिथेही लागत नाही."

"बॅटरीला?" ते खुर्चीत सावरून बसले. "रामकिसन, हॉर्न वाजव."

हॉर्न इतका मोठा वाजला की शेजारचा कुत्रा भुंकायला लागला.

"बॅटरी जिवंत आहे. मग टेस्ट लाइटचा बल्ब गेला. च्यायला! काल तर चांगला..." एवढं बोलून ते थांबले. "नक्की लाल टोकालाच लावलं ना?"

माझं नक्की काहीच नसतं. म्हणून मी पुन्हा पाहिलं. टोक लालच होतं. मग जे मी स्वतः केलं होतं, ते उलट्या क्रमाने सगळं तपासायला घेतलं. सुई ठीक. मूठ ठीक. वायर धरून पुढे आलो, तो चिमटा. तो चिमटा मी लावला होता. म्हणजे चूक असलीच तर तिथे असायची शक्यता सगळ्यात जास्त. मी तो दांड्यावरून काढला, बॅटरीच्या दुसऱ्या, काळ्या टोकाला लावला आणि सुई लाल टोकाला टेकवली.

मुठीत पिवळाधमक दिवा लागला. मी इतका दचकलो की सुई हातातून पडली. उचलून फ्यूजला लावली.

"लागला! गयासभाई, लागला! फ्यूजलाही लागतोय. दोन्ही बाजूंना! रामकिसन, डॅश नको. थांब." मी धावत पुढे गेलो आणि फॉग लाइटच्या वायरीला सुई लावली. वायर पुरेना, तर जीपच्या खालच्या गंजक्या पट्टीला चिमटा लावला. लख्ख दिवा. दुसऱ्या वायरीलाही लख्ख.

"म्हणजे लाइटपर्यंत करंट येतोय," गयासभाई सावकाश म्हणाले. "मग आधी का नाय लागला? काय बदललं?"

"चिमटा. शिंगाला लावला की लागत नाही. दुसरीकडे कुठेही लावला की लागतो."

"कशाला लावला की?"

"शिंगाला."

"कौनसा सींग, मास्टरसाब? जीप आहे का म्हैस?"

मला हसू आलं. आल्यापासून वच्छलाबाई त्या दांड्यांना शिंगंच म्हणत होत्या, म्हणून मीही म्हणून गेलो. "हे दांडे हो. ज्यावर लाइट बसवलेत. शिंगांसारखे लाल रंगवलेत. टोकाला पिवळा पट्टा, आणि सोनेरी बेगड."

गयासभाईंनी पट्टी नसलेला डोळा मिटून घेतला.

"रंगवलेत," ते म्हणाले. "किती रंग?"

"दोन हात," वच्छलाबाई पायरीवरून अभिमानाने म्हणाल्या. "आन् वरून वार्निस. पोळ्याला म्या स्वतः रंगवली. बैलं नसली म्हणून काय झालं? धा वर्सं बैलांची शिंगं म्याच रंगवत व्हते. ओवाळलं, गळ्यात घुंगरं बांधली, बॉनेटवर पुरणपोळी ठेवली."

"मुंग्या अजून निघतात," रामकिसन म्हणाला.

"बाई, रंगवताना दांडे काढले होते का गाडीवरून?" गयासभाईंनी विचारलं.

"तर! बैलाला पाय मुडपून बसवतात, तशी ह्यांच्याकडून सोडवून घेतली. खालून-वरून, आतून-भायेरून, कुठं तसूभर जागा उघडी ठेवली नाय. नटबोल्टसुद्दिक डब्यात बुडवून काढले."

गयासभाई हसायला लागले. आधी मिशीत, मग पोटात, मग एवढ्या मोठ्याने की पट्टीवर हात धरून ठेवायची वेळ आली. अमिनाभाभी कुंपणापलीकडून ओरडल्या, "हसू नका! टाके!"

"दोन्हीत कॉमन काय, विचारलं मी!" ते धापा टाकत म्हणाले. "कॉमन रंगाचा डबा! अरे, करंट वायरीनं येतो आणि लोखंडातून परत जातो. लाइटातून दांड्यात, दांड्यातून गाडीच्या अंगात. बाईंनी परतीचा रस्ताच रंगवून बंद केला. करंट येऊन दारात उभा आहे, आत घ्यायला कुणी नाय. आणि मास्टरसाबनी चिमटा लावला तोही त्याच दांड्याला! सगळ्या जीपमध्ये दोनच मुर्दा लोखंडं, त्यातलं एक शोधून काढलं."

"तुम्हीच म्हणालात, सगळी लोखंडच आहे," मी म्हणालो.

"मी आंधळा आहे! तुम्हाला दोन डोळे आहेत! लाल-पिवळे दांडे समोर, बेगड लावलेले, आणि एक शब्द नाही!"

"तुम्ही रंग विचारला नाहीत. मला वाटलं, वायरिंगमध्ये रंगाचं काय काम."

"या अल्लाह," गयासभाई म्हणाले आणि पुन्हा हसायला लागले.

वच्छलाबाई मात्र हसत नव्हत्या. त्या उठून जीपसमोर आल्या आणि शिंगांकडे पाहत राहिल्या.

"म्हंजे माझ्याच हातानं?"

"म्या म्हनलं व्हतं," रामकिसनला संधी मिळाली. "बैलं इकली, आता पोळा कशाला?"

"बैलं तुमी इकली. पोळा नाय इकला." मग त्या गयासभाईंकडे वळल्या. "भाईसाब, रंग खरवडावा लागंल का? सगळा? शिंगाचा रंग पुढल्या पोळ्यापातुर आपुन होऊन उतरतो. खरवडू नये. माझी आई कधी खरवडू देत नसं."

मला वाटलं, आता यांच्यापुढे दोन्हीकडून अडचण उभी आहे. रंग राखला तर भाचीच्या कानात धोंडाबाई. भाचीचं नाव राखायचं तर पोळ्याची शिंगं बोडकी.

गयासभाईंनी हसणं थांबवलं. गंभीर काम करताना लावायचा आवाज त्यांनी काढला. "सगळा कशाला, बाई? बैल जमिनीवर उभा असतो तो खुरांवर. खुरांना कुणी रंग लावतं का?"

"नाय."

"मग दांड्याचं फक्त बूड घासायचं. जिथं तो बंपरवर टेकतो तेवढंच. आणि वर लाइटचा बोल्ट जिथं बसतो, तिथं रुपयाएवढं. बसवल्यावर बाहेरून कुणाला दिसणार नाय. मला तर नाहीच दिसणार."

वच्छलाबाईंनी पदर खोचला. "द्या कानस हिकडं."

रामकिसनने दांडे सोडवले. मी घासायला पुढे झालो तर त्यांनी माझ्या हातातून कानस काढून घेतली. म्हणाल्या, "तुमी ते टोचायचं यंत्र धरा, दाजी. रंग म्या लावला, म्याच काढते." त्या पायरीवर दांडा मांडीत घेऊन बसल्या आणि भाकरीच्या तव्याचं बूड घासावं तसं ते बूड घासू लागल्या. लाल पूड उडून त्यांच्या हिरव्या बांगड्यांवर बसली. द्वारकाने चहा आणला. गयासभाईंनी बशीत ओतून फुंकर घालत विचारलं, "चमकलं का?"

"आरशावाणी."

"मग बसवा. मास्टरसाब, आधी शिंगाला चिमटा लावा. दिवा लागला तरच वायर जोडायची. आता तुमचं ते वाक्य मी मानतो. आधी तपासणारं तपासा."

मी उजव्या शिंगाच्या खालच्या घासलेल्या कडेला चिमटा लावला, वायरीला सुई टेकवली. मुठीतला दिवा लागला. डावीकडेही लागला. तरी मी दोन्हीकडे आणखी एकदा करून पाहिलं. मग वायरी जोडल्या, आणि रामकिसनने बटन दाबलं.

सांज व्हायला आली होती. दोन पिवळे झोत अंगणाच्या मातीला लागून सरपटत गेले आणि कुंपणाच्या भिंतीवर पसरले. अबोलीची रांग आतून पेटल्यासारखी उजळली. रामकिसनने आनंदाने हॉर्न वाजवला, शेजारचा कुत्रा पुन्हा भुंकला, द्वारकाने दोन्ही शिंगांना हळदकुंकू लावलं. वच्छलाबाई मात्र अबोलीकडे पाहत होत्या, आणि मग एकदा माझ्याकडे.

जाताना गयासभाईंनी टेस्ट लाइट माझ्या खिशात घातली. "घाटात सोबत राहू द्या. आणि कुणी विचारलं तर सांगा, मेकॅनिक दुसराच होता."

पहाटे झुंजूमुंजू व्हायच्या आधी आम्ही निघालो. कन्नड सोडून घाटाच्या तोंडाशी आलो, तर समोर जग संपलेलं. धुक्यात बॉनेटसुद्धा अर्धंच दिसत होतं. रामकिसनने जीप थांबवली, मोठे दिवे बंद केले आणि बटन दाबलं. दोन पिवळे झोत धुक्याखालून रस्त्याला चिकटून पुढे गेले. कठड्याचे चुन्याने रंगवलेले दगड एकेक करून दिसू लागले.

"चला," रामकिसन म्हणाला, आणि त्याने पहिला गिअर टाकला.

द्वारका ओठांत काहीतरी म्हणत होती. मी पाळण्याची कड एका हाताने आणि खिशातली टेस्ट लाइट दुसऱ्या हाताने घट्ट धरली होती. प्रत्येक वळणावर मला वाटायचं, मी जोडलेली वायर आता सुटेल. अर्ध्या घाटात मागे उजेड दिसला. वळून पाहिलं, तर आमच्या मागे एक ट्रक, त्याच्या मागे दुसरा, त्याच्या मागे एसटी. आमच्या दिव्यांवर भरवसा ठेवून सगळे रांगेत हळूहळू येत होते.

"बघा वन्सं," वच्छलाबाई म्हणाल्या, "शिंगांमागं वरात निघाली."

आम्ही गावात पोचलो तेव्हा कडूबाच्या दारात चपलांचा ढीग होता. आत बायकांचा गलका. पाळणा आलेला नाही म्हणून आढ्याला साडीची झोळी बांधलेली होती, आणि झोळीशी दगडाबाई बसल्या होत्या. ठसठशीत कुंकू, कमरेत चाव्यांचा जुडगा, आणि झोळीवर ओणवलेलं तोंड.

"दगडाआक्का, थांब!" वच्छलाबाई दारातूनच ओरडल्या.

दगडाबाईंनी मान वर केली. "आलीस व्हय? आता तोंड उघडणारच व्हते म्या. एवढ्या धुक्यात कशी आलीस गं?"

"शिंगं हायेत मला," वच्छलाबाई म्हणाल्या आणि आत शिरल्या.

आम्ही पाळणा आत नेऊन टांगला. हार बांधला, बाळाला झोळीतून त्यात घातलं. मग पुरुषांना बाहेर काढलं, म्हणून पुढचं मी ओसरीवरून पाहिलं. वच्छलाबाई पाळण्यात वाकल्या. बायकांनी एकसुरात 'कुर्रर्र' केलं आणि आत्याच्या पाठीत दणादण चापट्या मारल्या. सगळ्यात जोराची चापटी दगडाबाईंची होती. तेवढी सूट मी त्यांना मनातल्या मनात दिली.

"काय नाव? काय नाव?" सगळ्या विचारू लागल्या.

वच्छलाबाई पाठ चोळत सरळ झाल्या आणि म्हणाल्या, "अबोली."

मी ओसरीच्या खांबाला धरलं.

"हे काय नाव?" दगडाबाई म्हणाल्या. "मुकी ऱ्हाईल की पोर!"

यावर पोरीने असा टाहो फोडला की आतल्या-बाहेरच्या सगळ्यांना हसू फुटलं. कडूबा तर रडत होता की हसत होता तेच कळेना. दगडाबाईंनी तिला उचलून खांद्यावर घेतलं, थोपटलं, आणि कुणाचं लक्ष नाही असं पाहून तिच्या दुसऱ्या कानात काहीतरी पुटपुटल्या. वच्छलाबाईंचं लक्ष होतं. त्यांनी पाळण्यावरचा हार सारखा केला. नजरेपुरतं एक नाव राहिलं तर त्यांची हरकत नव्हती, असं दिसलं.

न्याहारीच्या वेळी द्वारका ओसरीवर माझ्यासाठी ताटली घेऊन आली.

"हे नाव यांना कुठून सुचलं?" मी विचारलं.

"तुमच्याकडून."

"मी कधी सांगितलं? मला तर कुणी विचारलंही नाही."

"कुंपणाला रोपं लावत होतात तेव्हा. मला म्हणालात, आपल्याला मुलगी झाली असती तर हेच नाव ठेवलं असतं. वच्छला आत पोळ्या लाटत होती. तिने ऐकलं." द्वारकाने ताटलीत आणखी एक शंकरपाळं टाकलं. "तुम्ही बोलता थोडं. म्हणून लक्षात राहतं लोकांच्या."

मी अंगणाकडे पाहिलं. धुकं उठलं होतं, ऊन पडलं होतं, आणि त्या उन्हात जीप दोन्ही फॉग लाइट लावून उभी होती. रामकिसन विसरला होता. मी जाऊन बटन बंद केलं. मग उगाच शंका आली, म्हणून पुन्हा लावून पाहिलं. दोन्ही लागले.

आतून अबोलीचा आवाज येतच होता. तो पार वेशीपर्यंत ऐकू जात असावा.